टप्पा २-बी की १-बी-२? एका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे एमआरआय वाचन

भुदरगड तालुक्यातील एका गावातून कोल्हापुरात उपचारांसाठी आलेल्या ४६ वर्षांच्या एका महिलेचा एमआरआय बारा दिवसांच्या अंतराने दोनदा झाला आणि दोन्ही अहवालांत तिच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा टप्पा वेगळा निघाला. पहिल्या अहवालात तो २-बी होता, म्हणजे शस्त्रक्रिया नको, किमोथेरपीच्या जोडीने रेडिएशन द्यावे. दुसऱ्या अहवालात तो १-बी-२ होता, म्हणजे शस्त्रक्रिया करता येईल. दुसरा अहवाल मी लिहिला. पहिला अहवाल दुसऱ्या केंद्रातील असला, तरी त्यातील निष्कर्षाला मी सुरुवातीला मान डोलावली होती, हेही येथे आरंभीच नोंदवलेले बरे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

या महिलेला चैत्रापासून अंगावरून पांढरे जात होते आणि मधूनच लाल डाग दिसत होता. पाळी जाण्याच्या वयात असे होतेच, अशी घरच्यांची समजूत होती. गावाजवळच्या डॉक्टरांनी दोन वेळा गोळ्या दिल्या, त्यांनी थोडे बरे वाटले आणि भाताची लावणी तोंडावर आलेली असल्यामुळे पुढचे सगळे लावणी उरकल्यावर बघू असे ठरले. ऑगस्टमध्ये ती नवऱ्याला आणि जावेला सोबत घेऊन कोल्हापुरात एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आली. संबंधानंतर रक्त जाते ही या आजारातील सर्वांत बोलकी तक्रार तिने आपण होऊन सांगितली नाही. नवऱ्याला आणि जावेला बाहेर बसवून सिस्टरांनी विचारले, तेव्हा ती खाली बघून ‘व्हय’ एवढेच म्हणाली.

नवऱ्याचा आग्रह साधा होता. ‘मॅडम, पिशवीच काढून टाका की, म्हणजे एकदाचं मिटलं.’ आपल्याकडे ही मागणी इतकी रुळलेली आहे की ती नाकारायलाही धीर लागतो. कर्करोग आहे हे ठाऊक नसताना साधी पिशवी काढली गेली, तर गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंची ऊती आणि योनीचा वरचा भाग जागेवरच राहतो. गाठ तिथवर पोहोचलेली असेल तर ती कापली जाते, मागे उरते, आणि पुढचा उपचार मूळच्यापेक्षा अवघड होऊन बसतो. मॅडमनी आरसा लावून तपासणी केली, गर्भाशयमुखाच्या मागच्या ओठावर हात लावताच रक्त येणारी गाठ पाहिली आणि तुकडा तपासणीला पाठवला. स्क्वॅमस पेशींचा, मध्यम प्रतीचा कर्करोग असल्याचे निदान आले. हाताने तपासताना गाठ अंदाजे ३ सेंटीमीटरची वाटली. गुदद्वारातून केलेल्या तपासणीत दोन्ही बाजूंची ऊती, म्हणजे पॅरामेट्रियम, मऊ लागली.

टप्पा ठरवण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगावे लागेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे टप्पे ‘फिगो’ ही स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. २०१८ पर्यंत हा टप्पा मुख्यतः हाताच्या तपासणीवर ठरत असे; एमआरआय केला तरी त्यामुळे अधिकृत टप्पा बदलत नसे, कारण या आजाराच्या बहुसंख्य रुग्ण जिथे राहतात तिथे एमआरआय मिळण्याची खात्री नव्हती. २०१८ च्या सुधारणेने प्रतिमा आणि पॅथॉलॉजी या दोन्हींना टप्पा ठरवण्याचा अधिकार दिला. गर्भाशयमुखापुरत्याच मर्यादित असलेल्या, ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेलेल्या गाठीचे आकारानुसार तीन भाग झाले: २ सेंटीमीटरच्या आत १-बी-१, २ ते ४ च्या दरम्यान १-बी-२ आणि ४ किंवा त्याहून मोठी असेल तर १-बी-३. पॅरामेट्रियममध्ये शिरलेली गाठ २-बी. ओटीपोटातील लसिकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) रोग असेल तर गाठ कितीही लहान असली तरी ३-सी-१, आणि महारोहिणीलगतच्या ग्रंथींत असेल तर ३-सी-२. टप्पा प्रतिमेवरून ठरवला असेल तर त्यापुढे ‘आर’ आणि पॅथॉलॉजीवरून ठरवला असेल तर ‘पी’ हे अक्षर लावायचे. हे अक्षर या प्रकरणात पुढे कामाला आले.

व्यवहारात या सगळ्याचा अर्थ एवढाच की १-बी-२ आणि २-बी यांच्यामध्ये जी रेघ आहे, तिच्या अलीकडे सर्जन आहे आणि पलीकडे रेडिएशनचे यंत्र.

पहिला एमआरआय तुकडा काढल्यानंतर चौथ्या दिवशी झाला. अहवालात गाठ ४.४ सेंटीमीटरची आणि डाव्या पॅरामेट्रियममध्ये शिरलेली, टप्पा २-बी, असे लिहिले होते. मॅडमनी त्यातील दोन चित्रे मोबाईलवर पाठवून माझे मत विचारले. दुसऱ्या एका तपासणीच्या मधल्या वेळात मी ती पाहिली. डाव्या बाजूची कड धूसर दिसत होती. ‘होय, बाहेर आलेली वाटते’ असे मी कळवले. मोबाईलवर आलेल्या दोन चित्रांवरून मत देऊ नये हे मला माहीत होते, आणि तरीही मी ते दिले.

दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. भूल देऊन सर्जनसह पुन्हा तपासले तरी डावी बाजू हाताला घट्ट लागत नव्हती. आता यातले खरे काय मानायचे? साधारण नियम एमआरआयच्या बाजूने आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार पॅरामेट्रियममध्ये शिरलेला रोग ओळखण्याची क्षमता एमआरआयची सुमारे ८४ टक्के, तर हाताच्या तपासणीची सुमारे ४० टक्के आहे; रोग नसताना ‘नाही’ असे सांगण्यात मात्र दोन्ही जवळपास सारख्याच, ९२ आणि ९३ टक्के. हात रोग कमी लेखतो हे आम्ही सारेच जाणतो, म्हणूनच हात आणि चित्र यांत मतभेद झाला की चित्राचा शब्द चालतो. परंतु ही आकडेवारी नीट काढलेल्या एमआरआयची आहे, कशाही काढलेल्या एमआरआयची नव्हे. मी पूर्ण सीडी मागवली आणि या वेळी संगणकासमोर शांतपणे बसलो.

त्रुटी एक नव्हती. पहिली तारखेची. तुकडा काढल्यावर त्या जागी सूज येते, थोडे रक्त साचते, आणि टी-२ या एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात ही सूज गाठीसारखीच राखाडी दिसते. म्हणून तुकडा आणि एमआरआय यांत निदान सात ते दहा दिवसांचे अंतर ठेवावे असे सांगितले जाते. इथे चारच दिवस गेले होते. दुसरी, काप ६ मिलिमीटर जाडीचे होते आणि त्यात चरबीचा संकेत दाबून टाकलेला होता. गर्भाशयमुखाभोवतीची चरबी टी-२ चित्रात उजळ दिसते, आणि त्या उजळ पार्श्वभूमीवरच गाठीची कड स्पष्ट होते. ती पार्श्वभूमीच काळी करून टाकली तर कड शोधायची कशावर?

तिसरी त्रुटी कापाच्या दिशेची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. चित्रे शरीराला आडवी, म्हणजे टेबलाला सरळ काटकोनात घेतलेली होती. गर्भाशयमुख मात्र शरीराच्या उभ्या अक्षाशी समांतर नसते, ते कललेले असते. त्यामुळे शरीराला सरळ असलेला काप गर्भाशयमुखाला तिरका पडतो. कोल्हापूरच्या वाचकाला हे उसावरून चटकन कळेल. कांडे आडवे सरळ तोडले तर गोल चकती निघते आणि तिच्या भोवती सालीची सारख्या जाडीची कड दिसते. तेच कोयत्याने तिरके तोडले तर चकती लांबट होते आणि एका बाजूची साल पसरट, फिकी, जणू गरात मिसळलेली दिसते, जरी ऊस तोच आणि साल तेवढीच असली तरी. गर्भाशयमुखाला अशी साल असते: गाठीभोवतीच्या घट्ट तंतुमय ऊतीचे एक गडद कडे टी-२ चित्रात दिसते. हे कडे सर्व बाजूंनी अखंड असेल, तर पॅरामेट्रियममध्ये रोग शिरलेला नाही असे बऱ्याच खात्रीने सांगता येते. कडे तुटले आहे का, एवढाच खरा प्रश्न असतो, आणि तिरक्या कापात त्याचे उत्तर चुकीचे येऊ शकते. गाठीचा आकारही त्याच कारणाने, आणि सुजेमुळे, वाढलेला दिसतो.

दुसरा एमआरआय करावा लागेल हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले. ‘एकदा झालाय की तो’ हे नवऱ्याचे म्हणणे अगदी वाजवी होते, आणि पहिल्या तपासणीचे पैसे त्याने शेळ्या विकून उभे केले होते. दुसऱ्यांदा शुल्क घेतले नाही. पण फुकट आहे म्हणून माणूस पुन्हा त्या बोगद्यात आनंदाने जातो असे नाही. पहिल्या वेळी मशीनच्या आवाजाने ती घाबरून हलली होती, आणि काही चित्रे त्यामुळेही बिघडली होती. या वेळी जावेला आत तिच्या पायाशी उभे राहू दिले.

तुकड्यानंतर सोळाव्या दिवशी, १.५ टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रावर तपासणी झाली. चार तास उपाशी ठेवले, आतड्यांची हालचाल मंद करणारे इंजेक्शन दिले आणि मूत्राशय अर्धवट भरलेले ठेवले. पूर्ण भरले तर रुग्ण चुळबुळ करते, अगदी रिकामे ठेवले तर गर्भाशय पुढे झुकून पडते. प्रथम उभ्या दिशेची, म्हणजे सॅजिटल टी-२ चित्रे घेतली. त्यांवर गर्भाशयमुखाच्या मार्गाची रेघ ओढली आणि त्या रेघेला बरोबर काटकोनात ३ मिलिमीटरचे काप लावले. हे काप लावायला टेक्निशियनला फार तर दोन मिनिटे लागतात. नंतर त्याच दिशेत डिफ्यूजन या दुसऱ्या प्रकारची चित्रे घेतली; त्यांत दाट पेशींची गाठ उजळ राहते आणि सूज मागे पडते. शेवटी मूत्रपिंडांपर्यंतचे मोठे काप घेतले. त्यांत मूत्रनलिका फुगलेली नव्हती आणि महारोहिणीलगत मोठ्या ग्रंथी नव्हत्या. गॅडोलिनियमचे, म्हणजे चित्र उठावदार करणाऱ्या द्रव्याचे, इंजेक्शन दिले नाही. टप्पा ठरवण्यासाठी त्याची सहसा गरज पडत नाही.

गाठ ३.३ सेंटीमीटरची निघाली. मागच्या ओठात, घड्याळाच्या आकड्यांत सांगायचे तर ४ ते ७ च्या दरम्यान. उजवीकडचे गडद कडे जाड आणि निःसंशय होते. डावीकडे ४ ते ५ च्या दरम्यान ते बारीक झाले होते, एका कापात जेमतेम ३ मिलिमीटर. परंतु सलग तीन कापांत ते कुठेही तुटलेले नव्हते. डिफ्यूजनच्या चित्रांतील उजळ भाग या कड्याच्या आतच थांबत होता. पहिल्या तपासणीत डाव्या बाजूला जे ‘बाहेर आलेले’ वाटले होते, ते आता शिरांचे जाळे म्हणून ओळखता आले. योनीचा वरचा भाग मोकळा होता, मूत्राशय आणि गुदाशय यांच्या भिंतीही.

लसिकाग्रंथींबाबत मात्र मी अहवालात हात राखून लिहिले. ओटीपोटातील डाव्या बाहेरील इलियाक रक्तवाहिनीलगतची एक ग्रंथी आडव्या मापात ६ मिलिमीटरची, लांबट आणि मध्यभागी चरबी असलेली होती. ती संशयास्पद नव्हती. एमआरआयमध्ये ग्रंथी मुख्यतः आकारावरून आणि कडेवरून ओळखाव्या लागतात. डिफ्यूजनमध्ये निरोगी ग्रंथीही उजळतात, त्यामुळे ते चित्र ग्रंथी शोधायला उपयोगी, निवाडा करायला नव्हे. सर्वसाधारण आकाराच्या ग्रंथीतील सूक्ष्म रोग या तपासणीत दिसत नाही, असे वाक्य मी अहवालाच्या शेवटी लिहिले. असे वाक्य लिहिताना आपण स्वतःला वाचवतो आहोत की वाचणाऱ्याला सावध करतो आहोत, हा प्रश्न मला नेहमी पडतो. टप्पा: १-बी-२, आर.

चौघांची बैठक झाली. रेडिएशनतज्ज्ञांचे म्हणणे होते की ३ मिलिमीटरच्या कड्यावर भरवसा ठेवून शस्त्रक्रिया केली आणि नंतर रेडिएशनही द्यावे लागले, तर रुग्णाला दोन्हींचा त्रास भोगावा लागेल. हा आक्षेप पोकळ नव्हता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत १-बी आणि २-ए (योनीच्या वरच्या भागात उतरलेली, पण पॅरामेट्रियममध्ये न शिरलेली गाठ) टप्प्यांच्या ३४३ रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रिया आणि काहींना रेडिएशन दिले गेले. पाच वर्षांनंतरचे जगण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ८३ टक्के, पण गंभीर त्रास शस्त्रक्रियेच्या गटात २८ टक्के आणि रेडिएशनच्या गटात १२ टक्के होता. त्या शस्त्रक्रियेच्या गटातील अर्ध्याहून अधिक रुग्णांना पुढे रेडिएशनही द्यावे लागले होते. आधी किमो देऊन गाठ लहान करावी आणि मग शस्त्रक्रिया करावी, अशी मधली वाटही कोणीतरी सुचवली. ती मात्र लगेच मागे पडली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ६३३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किमो-रेडिएशन घेणाऱ्यांपैकी ७६.७ टक्के पाच वर्षे रोगमुक्त राहिल्या, तर किमोनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६९.३ टक्के. तडजोड दिसायला शहाणपणाची असली तरी इथे ती तोट्याची होती.

मी चित्रे भिंतीवर दाखवली. सर्जन कड्याच्या त्या बारीक भागाकडे बराच वेळ पाहत होते. त्यांच्या हातानेही डावी बाजू मोकळी असल्याचे सांगितले होते. वय ४६, गाठ ४ सेंटीमीटरच्या आत, कडे अखंड. शस्त्रक्रिया ठरली. ती पोट उघडून करायची हेही ठरले, कारण २०१८ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दुर्बिणीतून केलेल्या याच शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले होते. नवऱ्याला इतकेच कळले की शेवटी पिशवी काढणारच आहेत, तर मग महिनाभर हे सगळे कशासाठी चालले होते. साधी पिशवी काढणे आणि बाजूच्या ऊतीसह, ग्रंथींसह रॅडिकल शस्त्रक्रिया करणे यांतला फरक मॅडमनी त्याला कागदावर चित्र काढून समजावला.

शस्त्रक्रियेच्या वेळी ग्रंथी आधी काढून फ्रोझन तपासणीला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच होणाऱ्या झटपट तपासणीला, पाठवल्या. त्यांत रोग दिसला असता तर पिशवीला हात न लावता पोट बंद करून रेडिएशनकडे वळायचे ठरले होते. फ्रोझनमध्ये काही दिसले नाही. शस्त्रक्रिया पूर्ण झाली.

दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा अहवाल आला. गाठ ३.२ सेंटीमीटर. दोन्ही पॅरामेट्रियम रोगमुक्त, कडा स्वच्छ. डाव्या बाजूला गाठ बाह्य कडेपासून ३ मिलिमीटरवर थांबलेली होती. हे वाचून मला जे समाधान वाटले ते पुढच्या ओळीपर्यंतच टिकले. ओटीपोटाच्या डाव्या भिंतीलगतच्या, म्हणजे ऑब्च्युरेटर भागातील, ५ मिलिमीटरच्या एका ग्रंथीत १.४ मिलिमीटरचा कर्करोगाचा कण होता. ०.२ ते २ मिलिमीटरच्या कणाला सूक्ष्म प्रसार म्हणतात आणि २०१८ च्या पद्धतीत तोही टप्प्यात धरला जातो. टप्पा: ३-सी-१, पी.

तो कण मी चित्रांत पुन्हा शोधला. ग्रंथी सापडली, तिच्यात काही वेगळे दिसले नाही आणि आजही दिसत नाही. पेट-सीटी केला असता तरी इतका लहान कण टिपला जाण्याची आशा फारशी नव्हती. म्हणजे पॅरामेट्रियमच्या प्रश्नावर दुसरा एमआरआय बरोबर होता, आणि तरीही त्या बाईला शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही घ्यावे लागले, नेमके जे टाळावे असे बैठकीत सांगितले गेले होते ते. रेडिएशनतज्ज्ञांनी त्यावर एक शब्दही काढला नाही. पहिलाच अहवाल मानून थेट किमो-रेडिएशन दिले असते, तर ती एका मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचली असती, असे कोणी म्हणाल्यास त्याला खोडून काढता येणार नाही. पण तो निर्णय चुकीच्या कारणासाठी योग्य ठरला असता. डावी बाजू तुडुंब भरली आहे असे समजून आतल्या रेडिएशनची, म्हणजे ब्रॅकीथेरपीची, आखणी झाली असती आणि नसलेल्या रोगाला मात्रा दिली गेली असती.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी फाइल पुढे गेली, तेव्हा तिच्यात एकाच रुग्णाचे तीन टप्पे होते: २-बी, १-बी-२ आणि ३-सी-१. साहजिकच विचारणा झाली. ‘आर’ आणि ‘पी’ या अक्षरांचा अर्थ सांगणारे, आणि पहिली तपासणी तुकड्यानंतर चौथ्या दिवशी झाली होती हे स्पष्ट करणारे पत्र आम्ही जोडले. त्यात तीन दिवस गेले.

पाच आठवड्यांत २५ वेळा बाहेरून रेडिएशन आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किमोचे औषध असा उपचार तिला मिळाला. गावाकडे याला ‘लाइट घेणे’ म्हणतात. पहिले दोन आठवडे ती गारगोटीहून एसटीने रोज ये-जा करत होती; जुलाब सुरू झाल्यावर कोल्हापुरातच राजारामपुरीत एका नातेवाइकांकडे राहिली.

सहा महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये योनीच्या वरच्या टोकाशी शस्त्रक्रियेच्या व्रणाची गडद रेघ होती, डिफ्यूजनमध्ये उजळ असे काही नव्हते, ग्रंथी वाढलेल्या नव्हत्या. डाव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सूज होती, ती संध्याकाळी वाढते आणि चिखलात उभे राहिल्यावर जास्त वाढते असे तिने सांगितले. त्या वर्षी लावणीला तिच्या जागी जाऊ गेली.